डेक बदलण्याआधी जॅक बघा

गाडी जुनी झाली की डेकचा ऑक्सचा जॅक बहुधा सगळ्यात आधी कुरकुरतो. इंजिन ठणठणीत, एसी गार, आणि आवाज मात्र एकाच बाजूच्या स्पीकरमधून. पिन दाबून धरली की येतो, खड्डा आला की जातो. मग पुढच्या सीटवर बसणाऱ्याला वायर धरून बसण्याचे काम लागते. आणि पुढच्या सीटवर कुणी नसेल, तर ते काम गाडी चालवणाराच करतो.

रिसोडहून मालेगाव, मेडशी, पातूर करत अकोल्याला डायलिसिससाठी जाणारे एक बुजुर्ग आमच्या ओळखीचे आहेत. गाडी मुलगा चालवतो. जाताना चाचांना तिलावत ऐकायची असते, येताना थकून मागे आडवे होतात तेव्हा एखादी जुनी कव्वाली. जॅक बिघडला तेव्हापासून मुलाचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा पिनवर. पातूरच्या घाटात हे चालण्यासारखे नाही. शहरातल्या एका दुकानात दाखवले तर उत्तर मिळाले, "डेकच बदला." खर्च हजारांत. खराब होता तो जॅक, जो चहा-बिस्किटाच्या पैशांत मिळतो.

म्हणून वाचकहो, आधी दोष कुठे आहे ते ओळखायला शिका. यासाठी मेकॅनिक लागत नाही. पहिल्यांदा वायर बदलून बघा, मग दुसरा फोन लावून बघा. निम्म्या वेळा गुन्हेगार वायरच असते, कारण ती पिनेजवळ आतून तुटते आणि वरून दिसत नाही. अलीकडच्या पुष्कळ फोनना हेडफोनचे भोकच नसते, तिथे टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो. काही स्वस्त कन्व्हर्टर ठरावीक फोनवरच चालतात, तेव्हा तोही बदलून बघा. वायर घेताना पिनेवर दोन काळ्या रिंगा असलेली घ्या. तीन रिंगांची पिन माइकवाल्या हेडफोनची असते, गाडीला तिची गरज नाही.

त्या दोन रिंगांमुळे पिनेचे तीन भाग होतात. टोक डाव्या बाजूच्या आवाजाचे, मधला भाग उजव्या बाजूचा, आणि मुळाजवळचा भाग दोघांचा मिळून, त्याला अर्थिंग म्हणतात. जॅकच्या आत या तिघांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या असतात. पिन हजारदा आतबाहेर झाली की पट्ट्यांचा ताण जातो. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि उन्हाळ्यात उन्हात तापलेली गाडी, हे दोन्ही त्यात भर घालतात. डावी पट्टी सैल झाली तर डावा स्पीकर बंद, उजवी झाली तर उजवा.

अर्थिंगची पट्टी सुटली की मोठी गंमत होते. कव्वालीत टाळ्या आणि साज थोडाफार ऐकू येतो, पण गाणारा विहिरीतून गातोय असे वाटते किंवा गायबच होतो. तिलावत तर जवळजवळ ऐकूच येत नाही. कारण असे की, अर्थिंग नसले की डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक उरतो. एका माणसाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तो कापला जातो. लोक अशा वेळी स्पीकरला दोष देतात. आणखी एक खूण सांगतो. त्याच वेळी फोन गाडीच्या चार्जरला लावला आणि आवाज परत आला, सोबत इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी किरकिर आली, तर समजा की अर्थिंगला चार्जरच्या वायरीतून दुसरा रस्ता मिळाला. एवढे दिसल्यावर संशय फक्त जॅकवर आणि त्याच्या मागच्या वायरींवर उरतो. मात्र जॅक चांगला असूनही फक्त चार्जिंग करतानाच किरकिर येत असेल, तर तो वेगळा आजार. त्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते.

या पिनेचे खानदान जुने आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाया जाड पिना भोकांत खुपसून फोन जोडून देत, त्या पिनेचीच ही बारीक आवृत्ती. ३.५ मिलिमीटरची ही पिन १९७९ साली सोनीच्या वॉकमनबरोबर खिशाखिशांत पोहोचली. २०१६ साली अॅपलने आयफोन ७ मधून तिला काढून टाकले. पण जुन्या गाड्यांतून ती काही निघालेली नाही. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर लावू म्हणाल, तर त्याचीही पिन बहुधा याच जॅकमध्ये जाते.

आता बदलायचे कसे? जॅक दोन प्रकारे बसवलेला असतो. डेकच्या तोंडावरच असेल तर तो आतल्या सर्किटवर डाग देऊन बसवलेला असतो, आणि ते काम रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे. गिअरजवळ किंवा खालच्या खणात असेल तर त्याच्यामागून वायर डेककडे जाते. हा घरीही बदलता येतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडा आणि थोडा वेळ थांबा. काही डेकना बॅटरी सोडल्यावर कोड मागायची सवय असते, तो गाडीच्या कागदपत्रांत आहे का ते आधीच शोधून ठेवा. पॅनल स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक सोडवा. पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

जुना जॅक कापण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा, कोणती वायर कोणत्या पायाला होती ते दिसले पाहिजे. जॅकला तीनच पाय असतील तर सोपे. पाच असतील तर पिन आत गेली हे डेकला कळवणारा खटका त्यात असू शकतो. तिथे तीन पायांचा जॅक बसवला तर काही डेक ऑक्सवर जातच नाहीत. नवा जॅक जुना दाखवूनच घ्या. डाग देण्याआधी स्लीव्ह वायरीत ओवून घ्या, नंतर ती जात नाही. डाग चकचकीत दिसला पाहिजे. मळकट, दाणेदार डाग पहिल्याच खड्ड्यात सुटतो.

दुकानदाराने "जॅक वेगळा मिळत नाही" म्हटले म्हणून लगेच गप्प बसू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केले. त्यात वाहनेही येतात. कंपनीचा कस्टमर केअर नंबर आणि दुरुस्तीची माहिती तिथे शोधता येते.

पॅनल बंद करण्याआधी बॅटरी जोडून चाचणी घ्या. डेकचा बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या, आणि मध्ये आणून एकट्या माणसाचा आवाज असलेले काहीतरी लावा. पिन जागच्या जागी फिरवा, आवाज हलता कामा नये. मगच क्लिपा दाबा, आणि जॅकच्या तोंडावर रबराचे छोटे टोपण घाला. रिसोडच्या धुळीत ते वर्षभरात दोनदा हरवेल, म्हणून चार-पाच एकदमच आणा.