एकेक डोळा तपासा

शाळेत आरोग्य पथक आले, मुलाने तक्ता घडाघडा वाचला, ‘नजर ठीक’ असा शेरा मिळाला. आणि तरीही त्याच मुलाचा एक डोळा जवळपास बिनकामाचा असू शकतो. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळाच दोघांचे काम करतो. मूल ठेचकाळत नाही, तक्रार करत नाही, वर्गात पहिलेही येते.

समजा, एका डोळ्याचा नंबर प्लस १ आहे आणि दुसऱ्याचा प्लस ४. स्पष्ट दिसावे म्हणून दोन्ही डोळे जोर सारखाच लावतात, आणि तो कमी नंबरच्या डोळ्यापुरता असतो. दुसऱ्याकडून मेंदूला कायम धूसर चित्र जाते आणि मेंदू ते घेईनासा होतो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला होता. टाके काढल्यावरही त्या डोळ्याला दिसेना, कारण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती. या संशोधकांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले.

असा दुर्लक्षित डोळा पुढे तिरळाही होऊ शकतो. मग घरात ऐकू येते, ‘तिरळेपणा शुभ असतो’, ‘मोठेपणी आपोआप जाईल’. या बोलण्याची चीड येते, कारण त्यातच उपचाराची वर्षे निघून जातात. उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेने डोळा सरळ होईल. गेलेली नजर सहसा परत येत नाही. आणि लहानपणी करायचे असते ते किती थोडे! योग्य नंबरचा चष्मा, आणि तेवढ्याने भागले नाही तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात वर्षांखालच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत, मध्यम दोष असेल तर रोजची दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली. तरी ते दोन तास घरच्यांची परीक्षाच पाहतात. मूल रडते, पट्टी ओढून काढते. ‘चांगला डोळा कशाला झाकता गं?’ म्हणून आजी सुनेला रागावते. चष्म्याच्या काचेवर लावलेल्या पट्टीच्या कडेने पोर हळूच बघते, म्हणून ती कातडीलाच चिकटवून वरून चष्मा घालावा लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. त्यांच्या तपासणीत उजव्या आणि डाव्या डोळ्याची नोंद वेगळी झालीच पाहिजे. दुसरा डोळा चिकटपट्टीने झाका, बोटांनी नको. बोटांच्या फटीतून मुले बघतात. अक्षरओळख नसेल तर चित्रांचा तक्ता चालतो.

आईबापांनी पथकाची वाट पाहू नये. मूल चित्रांच्या पुस्तकात रमलेले असताना त्याचा एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. एका बाजूला ते निवांत बघत राहिले आणि दुसऱ्या बाजूला दर वेळी हात झिडकारू लागले, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. झिडकारले नाही तरी शाळेत घालण्याआधी एकदा दोन्ही डोळ्यांचे नंबर काढून घ्याच.