वैधानिक इशारा : एक वाचन

सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे, या वाक्याइतके सर्वत्र छापले गेलेले आणि तितकेच न वाचले गेलेले वाक्य आपल्याकडे क्वचितच सापडेल. १९७५ च्या कायद्याने ते पाकिटावर बंधनकारक केले. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. ते कोणालाही उद्देशून नाही. ओढणारा त्यात कोठेच नाही. एखाद्या सुभाषितासारखे ते त्रिकालाबाधित सत्य सांगते, आणि सुभाषितापुढे आपण मान डोलावून पुढे जातो. शिवाय 'वैधानिक' हा शब्द आधीच कबुली देतो, की हे बोलणे कायद्याच्या धाकाने होत आहे.

३१ मे २००९ पासून चित्रे आली. सिगारेट-विडीवर रोगग्रस्त फुप्फुसे, तर खाण्याच्या तंबाखूवर चक्क विंचू! विंचू ही प्रतिमा म्हणून दुबळी, कारण तिचा अर्थ लावावा लागतो. आणि तंबाखू मळणाऱ्याला तेवढी सवड नसते. १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला. मात्र निव्वळ बीभत्साने वाचक बदलतो, हे मला पटत नाही. किम विटी यांनी १९९२ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, सुटकेची वाट न दाखवता घातलेली भीती माणसाला संकटाऐवजी भीतीच टाळायला लावते. पाकीट उलटे ठेवणारे हात आपण पाहतोच.

म्हणूनच २०१८ मधला बदल मला सडलेल्या जबड्यांहून मोलाचा वाटतो. 'आजच सोडा' हे आज्ञार्थी क्रियापद आणि १८००-११-२३५६ हा दूरध्वनी क्रमांक पाकिटावर आला. इशारा प्रथमच द्वितीयपुरुषी झाला, आणि उत्तर देण्याची सोयही झाली.

पण वाचक पाकिटाशी येतो कुठे? आपल्याकडे सिगारेट सुटी घेतली जाते. पाकीट टपरीवाल्याच्या फळीवर राहते. गिऱ्हाइकाच्या बोटांत येते ती कोरी, पांढरी नळी. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली खरी, परंतु कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहिल्यास तिची अवस्था कळते. कॅनडाने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने प्रत्येक सिगारेटवरच इशारा छापायला लावला. तेथे मजकूर ओठांपर्यंत पोहोचतो. येथे तो रोज टपरीवालाच वाचत असतो.