रिकाम्या बाटलीची साक्ष

एखाद्या घरी प्रसाधनाचा शौक किती आहे हे पाहावयाचे असेल तर त्या घरचे आरशाखालचे फळकूट पाहावे. परंतु त्या शौकात शहाणपण किती आहे हे जाणावयाचे असेल, तर तेथे किती बाटल्या मांडल्या आहेत हे न मोजता गेल्या वर्षात किती बाटल्या तळापर्यंत संपल्या, हे विचारावे. प्रसाधनाची परीक्षा ते विकत घेताना होत नाही, संपविताना होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबईत सकाळी झळकलेली जाहिरात आज दुपारच्या आत वणी, पुसद व उमरखेड येथील घराघरांतून पाहिली जाते आणि चार दिवसांत तिच्या मागोमाग पुडकेही दारात येते. पहिल्या बाटलीचे बूच नीट सैल झालेले नसते तोच दुसरी येते. तिसरी आली की पहिली मागे सरकते, व शेवटी एके दिवशी घट्ट झालेली, वास बदललेली अशी ती केरात जाते. अर्धी उरलेली बाटली ही गरजेवाचून केलेल्या खरेदीची पावतीच समजावी.

येथे कोणी असा तर्क करील की, आम्ही स्त्रियांच्या नटण्यामुरडण्यावर कोरडे ओढावयास निघालो आहोत. तसे मुळीच नाही. ज्या समाजात दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावल्यावाचून सण उजाडत नाही, त्याने प्रसाधनास पाप म्हणणे हा ढोंगीपणा होईल. आणि या खरेदीत हल्ली पुरुषही मागे नाहीत. शिवाय यवतमाळ जिल्ह्याच्या हवेत त्वचेची निगा ही चैन नव्हे. उन्हाळ्यात तपमान पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, हिवाळ्यात कोरडा वारा ओठ फोडतो व टाचांस भेगा पाडतो. गरज खरी आहे. म्हणूनच ती भागविणाऱ्या वस्तू कोणत्या व नुसत्या शोभेच्या कोणत्या, हा विवेक अधिक अगत्याचा.

तळापर्यंत वापरण्याच्या योग्यतेच्या वस्तू थोड्या असतात व बहुधा स्वस्त असतात. अमेरिकेतील रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली ज्याचे पेटंट घेतले, ते व्हॅसलीन घ्या. त्यात सुगंधाची बढाई नाही की तारुण्याचे वचन नाही. ते त्वचेस पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून स्नानानंतर अंग किंचित ओले असतानाच ते लावावे. ग्लिसरीनचे कार्य निराळे. ते पाणी ओढून धरते. परंतु हवा अतिशय कोरडी असली म्हणजे निखळ ग्लिसरीन त्वचेच्या आतील ओलावाच ओढू लागते, यास्तव ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून लावणे बरे. खोबरेल तेलाची गोष्ट तर सांगावयासच नको. या तीन वस्तू कोणत्याही घरी अर्ध्यावर टाकलेल्या सहसा आढळत नाहीत, हीच त्यांच्या उपयुक्ततेची साक्ष होय.

याच्या उलट, जी संपावयास हवी पण संपत नाही अशी एक वस्तू आहे. उन्हापासून रक्षण करणारे जे मलम सनस्क्रीन या नावाने विकले जाते, ते हौसेने आणले जाते व काटकसरीने लावले जाते. वेष्टनावर जो रक्षणाचा आकडा छापलेला असतो, तो त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम या प्रमाणात मलम लावून ठरविलेला असतो. चेहरा व मान यांस या हिशोबाने एका वेळी साधारण सव्वा ग्रॅम लागते. म्हणजे दिवसातून एकदाच लावले तरी ५० ग्रॅमची नळी चाळीस दिवसांत रिकामी व्हावयास हवी. उन्हात राहावयाचे असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. तीच नळी ज्या घरी वर्षभर पुरते, त्या घरी मलम लागले नाही, नुसते समाधान लागले, असे म्हणणे प्राप्त आहे. तिच्यापेक्षा आमच्या जिल्ह्यातील कापूस वेचणारी बाई शहाणी. ती साडीवर पुऱ्या बाह्यांचा जुना सदरा चढविते, डोके व कानशिले फडक्याने गुंडाळते, आणि तो सदरा विरून जाईपर्यंत वापरते.

आता आमच्या नियमाचा अपवाद. आणि तो नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. तळापर्यंत वापरावे हे खरे, पण विषाची डबी तळापर्यंत वापरणे ही काटकसर नव्हे. २०२२ साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींस मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेता त्या वापरीत असलेल्या गोरेपणाच्या मलमात पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्यास अडथळा करतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ भासतो. तोच पारा त्वचेवाटे रक्तात उतरतो व मूत्रपिंडास इजा करतो. केवढी ही चेष्टा! औषध लागू पडले असे वाटते तेव्हाच विष भिनत असते.

या व्यापाराचे मूळ आमच्याच बैठकीत आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले व २०२० साली त्याच्या नावातून गोरेपणा वगळून 'ग्लो अँड लव्हली' असे नाव ठेवण्यात आले. वेष्टनावरचे नाव बदलले. पण मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींच्या तोंडचा पहिला प्रश्न बदलला काय? ओठ फुटले तर ते बरे होतात व डबीचे काम संपते. परंतु सावळेपणा हा मुळी रोगच नसल्यामुळे तो बरा होण्याचा दिवस कधीच उगवत नाही, आणि डबीमागून डबी संपली तरी मागणी उभीच राहते. जी वस्तू वापरणाऱ्याची गरज भागविण्याऐवजी त्याचा न्यूनगंड पोसते, ती घरात येताच कामा नये.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमची विनंती थोडकी आहे. एका कामाची एक वस्तू संपल्यावाचून त्याच कामाची दुसरी आणू नये. नवी वस्तू लहान आकाराची घ्यावी, प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून काही दिवस पाहावी, आणि बूच उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. जिच्यावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व वापराची मुदत छापलेली नाही, ती कितीही गुणाची सांगितली तरी दारातूनच परत करावी. मुदत टळलेली किंवा अंगावर आग उठविणारी वस्तू पैसे गेले म्हणून वापरीत राहू नये. पैसे तर गेलेच, कातडी तरी राखावी. आणि घरातील सावळ्या मुलीच्या हाती गोरेपणाची डबी देण्यापूर्वी आईबापांनी ती कोणाच्या समाधानासाठी आणली, याचे उत्तर स्वतःस द्यावे. ते प्रामाणिकपणे दिले, तर पुष्कळ डब्या दुकानातच राहतील.