राजा जरा जड असावा



जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून जबलपुरात तुमच्याही घरी कुणीतरी बुद्धिबळाचा हट्ट धरून बसलं असेल. शाळेत शतरंज, घरी बुद्धिबळ. पण हत्ती, घोडा, उंट, वजीर दोन्हीकडे तेच!

मग संच कोणता घ्यायचा? भेडाघाटाहून आणलेल्या कोरीव दगडी वस्तू आपण काचेच्या कपाटात मांडतो. बुद्धिबळाचा संच मात्र रोज हाताळायचा असतो. सरावासाठी लाकडी संचाचा खर्च करायलाच हवा असं नाही. बुडात वजन भरलेला प्लॅस्टिकचा संच उत्तम. जागतिक संघटना ‘फिडे’च्या नियमांतही प्लॅस्टिकला मान्यता आहे.

वजन कशाला? झटपट डावात हात घाईने फिरतो आणि पोकळ सोंगट्या धडाधड पडतात. ज्याच्या हातून सोंगटी पडली, त्याने ती स्वतःच्या वेळात उभी करायची, असा नियम आहे. घड्याळात दहा सेकंद उरलेल्या मुलाला विचारा, एक पडलेलं प्यादं केवढ्याला पडतं ते!

दुकानात जाताना पट्टी खिशात ठेवा. फिडेच्या शिफारशीप्रमाणे राजा सुमारे ९.५ सेंटीमीटर उंच, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५. पटावरचं घर ५ ते ६ सेंटीमीटरचं. सोपी खूण सांगतो: एका घरात चार प्यादी नेमकी मावली, की पट आणि सोंगट्यांची जोडी जमली.

खोक्यावरच्या ‘डबल वेटेड’, ‘ट्रिपल वेटेड’ या शब्दांवर भुलू नका. त्यांचं ठरलेलं असं माप नाही. प्रत्येक कंपनीचं ‘ट्रिपल’ वेगळं. दोन संचांतले राजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, खरं काय ते कळेल. सोंगटी कानाशी धरून हलवा. खुळखुळली तर आतलं वजन सुटलेलं आहे. थोडी तिरकी करून सोडा, ती पुन्हा सरळ उभी राहायला हवी. मग घोडा बघा. १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदवल्या गेलेल्या स्टॉन्टन घडणीत सर्वांत अवघड काम घोड्याच्या तोंडाचं. तिथे साच्याची शिवण ओबडधोबड दिसली, तर बाकी कामही तसंच असायचं.

शेवटी वजीर मोजा. चांगल्या संचात दोन जादा असतात, म्हणजे सोंगट्या ३४. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की आपण घरी हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणतो. स्पर्धेत मात्र उलटा हत्ती हत्तीच धरला जातो. मुलांना ही सवय घरातच लागू देऊ नका.

असे संच जमवायची गोडी लागते बरं का! एकाचा घोडा आवडतो, दुसऱ्याचं बूड. जमवा, शेजारी शेजारी मांडून तुलनाही करा. पण एका वेळी दोघंच खेळतात. तिसरा संच घरात आला, की पहिला गल्लीतल्या एखाद्या मुलाला किंवा जवळच्या शाळेला देऊन टाका. तुमच्या लेकराला खेळायला जोडीदारही तिथेच मिळेल.