एका भाकरीचे तीन डॉक्टर

आमच्या सोसायटीत हल्ली डॉक्टर फार झाले आहेत. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ रात्री अकरा वाजता पोट धरून आमचा जिना चढले, तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीवर 'डॉ.' पाहून त्यांनी घंटा दाबली, आणि दार उघडणाऱ्या बाईंनी हात जोडून सांगितले, "अहो, मी तमाशातल्या ढोलकीची डॉक्टर आहे!"

हा किस्सा मी वर्षभर घरोघर सांगितला. लोक हसत, मीही हसे. परभणीला जाऊन आल्यापासून मात्र तो सांगवत नाही. असे का झाले, ते यंदाच्या दिवाळीला वाचकांना सांगून टाकावे म्हणतो.

झाले असे की परभणीहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आत्येभाऊ. बँकेतून निवृत्त झालेला, बी. ए. ला अर्थशास्त्र घेतलेला, आणि त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीत 'खर्च किती, उत्पन्न किती' हे आधी विचारणारा. म्हणाला, "दोन दिवस येऊन जा. पोरीला चार शब्द सांग. तुझे ती ऐकते. छापून येते ना तुझे!"

पोर म्हणजे त्याची धाकटी मुलगी. एम. ए. झाली, तेही मराठी घेऊन. आता बी. एड. करून कुठे तरी चिकटावे, पुढचे आम्ही पाहतो, असे दादाचे म्हणणे. तिला करायची होती पीएच. डी., आणि विषय काय, तर जात्यावरच्या ओव्या आणि त्यांची गाण्याची रीत! अर्ज भरायला आठवडा उरला होता. थोरला मुलगा कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करतो. त्याच्याबद्दल दादाची तक्रार नव्हती. ज्वारी निदान खाता तरी येते.

खरे सांगायचे तर मनातून मी दादाच्याच बाजूचा होतो. देवगिरी एक्सप्रेसमध्ये पडल्या पडल्या मी ते चार शब्द जुळवूनही ठेवले होते.

रात्री सगळे पंगतीला बसलो. पिठले, ठेचा आणि तव्यावरून थेट ताटात येणारी टम्म फुगलेली भाकरी. मी तारीफ केली आणि पुतण्याची कळ दाबली गेली. "काका, ही साधी भाकरी समजू नका," म्हणून त्याने सुरुवात केली. परभणीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले, पण ज्वारी आणि कापसावरची संशोधन केंद्रे या भागात निझामाच्या राजवटीपासूनची. 'परभणी मोती' ही इथलीच ज्वारी. हैदराबादजवळ पतंचेरूला कोरडवाहू पिकांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या जोडीने २०१८ साली आलेली 'परभणी शक्ती' हीही इथलीच. तिच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त असते, म्हणजे औषधाची गोळी भाकरीतूनच पोटात!

"पण एक सांगू का?" तो म्हणाला. "सुरुवातीला आमच्याच लोकांचे चुकले. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सी. एस. एच. १. पीक भरघोस. पण ताटे बुटकी, म्हणून कडबा कमी; आणि कणसे पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. पोती मोजली गेली, पण भाकरी थापणाऱ्या बाईला कुणी विचारले नाही. लोक आपले मालदांडीच शोधत राहिले. पुढे १९८१ साली पतंचेरूला खास ज्वारीच्या दाण्याच्या गुणांवर परिषद भरली. भाकरीचा रंग, चव, मऊपणा, दुसऱ्या दिवशी ती कशी राहते, हे सगळे मोजायच्या गोष्टींत आले."

दादाला हे पटले, कारण यात मोजमाप होते. मग त्याने आपले शास्त्र काढले. माणसाला रोज भाकरी लागते किती? दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचे पुस्तक काढले, त्यात दर माणशी रोजचे २,२५० उष्मांक धरले आणि तेवढेही ज्याला परवडत नाहीत तो गरीब, असा हिशेब मांडला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली. माणसाची गरज रोज सारखी नसते, काही मर्यादेपर्यंत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, तेव्हा सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशीच असतो असे नाही, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांना ते मान्य झाले नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत हा वाद चांगलाच गाजला. "आता बोल," दादा म्हणाला, "अर्थशास्त्र, गणित आणि शरीरशास्त्र, तिन्ही एका भाकरीभोवती बसली! याला म्हणतात संशोधन."

"आणि ती भाकरी ज्या पिठाची, ते दळणारी बाई कुठे बसली, बाबा?" पुतणीने इतका वेळ मान वर केली नव्हती.

मग तीही बोलली. शांतपणे, पण तयारीने. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे इथून अगदी जवळची. तिच्याबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसला, असे लोक सातशे वर्षे सांगत आले. पुण्यात गी पॉइतवाँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून, साथीदारांच्या मदतीने, हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. "बाईने सासूला, नवऱ्याला, सरकारला जे तोंडावर सांगितले नाही, ते जात्याला सांगितले आहे," ती म्हणाली.

"एक लाख झाल्या ना?" दादाने दही वाढून घेत विचारले. "मग एक लाख एकावी कशाला? उपयोग काय?"

बहिणीच्या मदतीला आला तो भाऊ. "बाबा, तुम्ही भेंडी आवडीने खाता. पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि सगळे पीक हातचे जायचे. जांभळे आणि नेरकर या आपल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर केला, त्यातून १९८० नंतर 'परभणी क्रांती' आली आणि भेंडी वाचली. त्या रानटी झाडाची भाजी कुणी करत नव्हते. ते कुणी तरी जपले, त्याची नोंद ठेवली, तेव्हा त्यालाही कुणी विचारलेच असेल, उपयोग काय?"

दादा म्हणाला, "भेंडी वेगळी." आणि हात धुवायला उठला.

या सगळ्यात आत्या एक शब्द बोलली नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. भिंतीला टेकून ऐकत होती. नात म्हणाली, "आजीच्या ओव्या त्या लाखांत नाहीत." त्यावर आत्या हसून म्हणाली, "आता कुठल्या गं माय! हात रिकामा असला की तोंडात येत नाहीत. जाते फिरले की आपोआप येतात."

सकाळी जाग आली ती घरघर आवाजाने. परसात उपडी पडलेली जात्याची पाळी दोघा भावंडांनी मिळून उचलून आणली होती. जाते टाकी न लावलेले, खुंटा नवा ठोकलेला. पीठ कसले निघणार, नुसता भरडा. पण आत्या पाय पसरून बसली होती, मुठीमुठीने वैरण घालत होती, आणि गात होती. समोर नातीने टेलिफोन ध्वनिमुद्रणाला लावून ठेवला होता. दादा आणि मी चहाचे कप घेऊन दारात उभे राहिलो.

आधी देवाच्या झाल्या, मग माहेरच्या. मग चाल तीच राहिली आणि विषय बदलला. तिच्या ओव्या तिच्याच राहू देत, मी इथे नुसता मतलब सांगतो. विहिरीला तळ दिसला. दावणीची जनावरे बाजाराला गेली. अमेरिकेतून लाल ज्वारी आली, तिची भाकरी थापता थापता फाटते. माझी अर्धी भाकरी मी पाण्याबरोबर खाते आणि जाऊबाईला सांगते, पोट भरले. आणि मग, मुंबईच्या माझ्या बंधूला कुणी सांगू नका, की त्याची बहीण खडी फोडायला जाते. माझा लेक त्याच्या घरी आहे, त्याला सांगू नका. तो शाळेत जातो, त्याला खाली बघावे लागेल.

जाते थांबले. दादाच्या हातातला कप तसाच राहिला.

१९७२-७३ चे ते वर्ष दादा आमच्याकडे गिरगावात शाळेला होता. आम्ही दोघे एकाच सतरंजीवर निजत असू. आत्या 'शेतीच्या कामात आहे' म्हणून दिवाळीला आली नाही, एवढेच आम्हाला माहीत. माझे वडील शेवटपर्यंत तेच समजून गेले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. तो आकडा दादाला तोंडपाठ. कॉलेजात त्याने तो परीक्षेत लिहिलेला. पुढे ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या दुष्काळाचा अभ्यास केला. इतके कमी पिकूनही मोठी मनुष्यहानी का झाली नाही, याचे मोठे कारण त्यांना या कामांच्या मजुरीत सापडले. गरिबाच्या हातात पैसा आला आणि त्याच्या मागे धान्य बाजारात आले. वि. स. पागे यांनी आधीपासून धरून ठेवलेली रोजगार हमीची कल्पना त्यातूनच पक्की झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने तो मार्ग धरला. हे सगळे दादाला माहीत होते. त्या ५० लाखांत एक त्याची आई होती, हे तेवढे माहीत नव्हते.

तो जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई, मजुरी किती मिळायची गं? हजेरी कोण घ्यायचे? आणि ती अर्धी भाकरी... रोजच अर्धी?"

आत्या म्हणाली, "आधी ते यंत्र बंद करा."

"चालू राहू दे," दादा म्हणाला.

मी जुळवलेले चार शब्द पुतणीला सांगायचे राहूनच गेले. परतीच्या गाडीत मात्र वाटत होते, की पुतण्याने दाणा पाहिला, दादाने आकडा पाहिला, आणि दोघेही आपापल्या जागी चूक नव्हते. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते की नाही, हा मोठ्या माणसांचा वाद. पण अर्ध्या भाकरीवर 'पोट भरले' म्हणून सांगणारी बाई कोणत्या तक्त्यात बसवायची, हे जात्यापाशी बसल्याशिवाय कळत नाही. आणि नुसत्या जात्यापाशी बसून भेंडी वाचत नाही, हेही तितकेच खरे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या एकाच आवारात विज्ञानाची संकुले आहेत आणि ललित व प्रयोगजीवी कलांचेही आहे. पूर्वी मला ही खिचडी वाटे. आता वाटते, घर म्हटले की चूल, हिशेबाची वही आणि गाणे, तिन्ही लागतात.

अर्ज वेळेत गेला. न्यायला दादा स्वतः गेला होता. आत्याच्या ओव्या नात रोज सकाळी थोड्या थोड्या टिपून घेते. परवाच्या फोनपर्यंत त्या एकशे चौदा झाल्या होत्या. मोजायचे काम अर्थातच दादाकडे आहे.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ढोलकीच्या डॉक्टरीणबाईंना यंदा आम्ही फराळाला बोलावले आहे. त्यांची ढोलकी ऐकायची आहे. शिवाय पोटदुखीवाल्या गृहस्थांनाही बोलावले आहे. त्यांची आणि बाईंची आता चांगली ओळख व्हायला हरकत नाही.