शब्दाची जात वाक्यात ठरते

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. समजा, तिथे एका कागदावर 'एम्प्टी द ड्रम्स' आणि दुसऱ्यावर 'द एम्प्टी ड्रम्स' असे लिहिले आहे. शब्द तेच तीन. पण पहिला कागद पिंपे रिकामी करायला सांगतो, तर दुसरा आधीच रिकाम्या असलेल्या पिंपांविषयी बोलतो. पिंपात रसायन असेल तर हा फरक साधा नाही. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावी झालेल्या मुलाने हा विषय दहा वर्षे अभ्यासलेला असतो. त्याला 'एम्प्टी'ची जात विचारा, 'विशेषण' असे उत्तर बहुधा लगेच येईल. पहिल्या कागदापुरते ते चूक आहे, कारण तिथे तोच शब्द क्रियापद आहे. चूक मुलाची नाही, प्रश्नाची आहे. इंग्रजी शब्दाची जात वाक्याबाहेर उभे राहून विचारताच येत नाही. व्याकरणाच्या तासाला आपण नेमके तेच करतो आणि मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजी अडते ते मुख्यतः इथेच, असे माझे मत आहे.

आठ जातींचा तक्ता पाठ करून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हा तक्ता ग्रीकांकडून लॅटिनमध्ये, तिथून इंग्रजीत गेला आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 सालच्या व्याकरणापासून मराठीत रुळला. तो काही एकमेव नव्हे. यास्काने चारच पदजाती मानल्या, तर पाणिनीने प्रत्ययांवरून सुबन्त आणि तिङन्त अशा दोनच गटांत पदे बसवली. पाणिनीची कसोटी मराठी मुलाला न सांगताही कळते, कारण मराठीत शब्दाचे रूपच बोलते. पेणच्या मूर्तिशाळेत 'रंग' असतो आणि कारागीर मूर्ती 'रंगवतो'. माती 'कोरडी' असते, नसली तर ती 'वाळवतात'. इंग्रजीत मात्र रंगही 'पेंट' आणि रंगवणेही 'पेंट'. 'ड्राय क्ले' म्हणजे कोरडी माती, 'ड्राय द क्ले' म्हणजे माती वाळवा. जुन्या इंग्रजीला विभक्तीचे प्रत्यय होते, ते पुढच्या काही शतकांत बहुतेक झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या जागेने उचलले. 'कारागीर मूर्तीला रंगवतो' हे वाक्य मराठीत 'मूर्तीला कारागीर रंगवतो' असे फिरवले तरी बिघडत नाही, जबाबदारी 'ला' घेतो. इंग्रजीत दोन नामांची अदलाबदल केली की मूर्तीच कारागिराला रंगवू लागते! अर्थ लागण्यासाठी डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे हे पाहायची सवय मुलाला लावावी लागते. 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, त्यामुळे ती शोभेची वाटून गळतात. पण पिंपांच्या उदाहरणात सगळा अर्थ फिरवला तो 'द'च्या जागेनेच.

यावर पहिला आक्षेप असा की भाषा ऐकून-बोलून येते. घरची भाषा कोणी व्याकरणाने शिकत नाही. खरे आहे, पण घरची भाषा मूल दिवसभर ऐकते. पेण-रोह्याच्या गावांत इंग्रजी कानावर पडते ती आठवड्यातल्या मोजक्या तासिकांत, आणि तीही पुष्कळदा मराठी भाषांतरासह. जिथे ऐकणे इतके तुटपुंजे, तिथे थोडे नेमके व्याकरण वेळ वाचवते. दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: आम्ही तक्तेच पाठ केले, काय बिघडले? रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे 1918 मध्ये आयसीएसमध्येही ते पहिले होते. अशांची उदाहरणे देताना आपण विसरतो की त्यांच्यापाशी संस्कृतमुळे वाक्य उकलण्याची तयारी होती. ती आज सगळ्यांकडे गृहीत धरता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. या तालुक्यांतल्या वाड्यांवरच्या कातकरी मुलाला प्रमाण मराठीच परकी असते. तिच्या आधाराने इंग्रजी शिकवणे म्हणजे एका ओझ्यावर दुसरे. पण आधार 'नाम', 'क्रियाविशेषण' या संज्ञांचा घ्यायचाच नाही. त्या मुलाच्या बोलण्यातही शब्दांची रूपे बदलतात. त्याच्याच बोलीतले वाक्य फळ्यावर लिहून, शेजारी इंग्रजी वाक्य मांडून कुठे रूप बदलले आणि कुठे फक्त जागा बदलली हे दाखवता येते. त्यासाठी शिक्षकाने ती बोली ऐकायला हवी, हे मात्र सोपे नाही. परीक्षेत काय बदलायचे ते त्यामानाने किरकोळ आहे. 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न खुशाल ठेवावा. फक्त त्याखाली 'कशावरून ओळखली?' असे विचारून गुण त्या उत्तराला द्यावेत.