परभाषेची गंमत

डच भाषेत ‘स्लिम’ म्हणजे चतुर. परंतु इंग्रजी जाणणारा नवखा विद्यार्थी त्याचा अर्थ ‘सडपातळ’ असा करून फसतो. अशा फजितीसाठी हॉलंडला जावयास नको. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कानडी यजमानाने ‘हालु बेका?’ असे प्रेमाने विचारले, तर साताऱ्याचा पाहुणा दचकेल. आपले हाल होणार, असे त्यास वाटेल! वस्तुतः यजमान दूध हवे का, एवढेच विचारीत असतो. अशा वेळी सर्वांनी मिळून हसावे; परंतु शिकणाऱ्याचा उपहास करू नये. उपहासाने जीभ अडखळते आणि शेजारी परकाच राहतो. ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘तूप’ हे शब्द कानडीतूनच मराठीत आले. चुकतमाकत का होईना, पण बोलणाऱ्यांनीच ही देवघेव घडविली असली पाहिजे.